पानाचा शेंडा कुणीकडे

आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे चिन्ह छापतात, याचं नव्या सभासदांना फार हसू येतं. येऊ दे. बंगळूरच्या बनशंकरीत आमच्यासारखी कित्येक पिढ्यांपासून राहत असलेली मराठी घरं आहेत. ती मराठीत बोलतात, मराठीत भांडतात, आणि वाचतात मात्र कानडी. मला मराठी वाचता येतं ते आईने पोथ्या वाचायला बसवलं म्हणून. आता एचएसआर लेआउटमध्ये पुण्या-मुंबई-नागपूरचे लोक आलेत. ते मराठी वाचतात, इंग्रजी वाचतात, आणि कानडी अक्षरं दिसली की जिलब्या म्हणतात. म्हणजे सगळ्या सभासदांना वाचता येईल अशी एकही लिपी मंडळात नाही. चित्र तेवढं सगळ्यांना सारखं कळतं, अशी आमची समजूत होती.

मंडळाच्या हॉलमागे स्वयंपाकघर आहे. ते मी चालवते. नवरा गेल्यावर मी त्या स्वयंपाकघरात शिरले ती अजून बाहेर पडले नाही. रोज डबे जातात, रविवारी हॉलमध्ये केळीच्या पानावर पंगत बसते. त्यावर माझं पोट चालतं, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझा ताठाही चालतो. तिथे मला कुणी विचारत नाही की दिवसभर काय करता.

यंदा अध्यक्षपदाला एचएसआरमधला एक पुण्याचा मुलगा उभा राहिला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, डोक्यावरचे केस निम्मे गेलेला. मला काकू म्हणतो, आमटी मागून घेतो, वाईट अजिबात नाही. त्याने जाहीर केलं की निवडून आलो तर स्वयंपाकघराच्या जागी काचेच्या खोल्या करू आणि लॅपटॉपवाल्यांना बसायला देऊ. ‘काकू, जेवण काय, बाहेरून मागवता येतं,’ असं तो मलाच समजावून सांगत होता. माझ्याच हातचं थालीपीठ खाता खाता. मी त्याला वर लोणीही घातलं होतं. कप्पाळ माझं!

तेव्हा अण्णा उभा राहिला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी कचेरीतून निवृत्त झाला तेव्हापासून तो विचार करतो. ‘मी उभा राहतो आणि तुझं स्वयंपाकघर वाचवतो,’ असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचे राजकीय फ्लेक्स बघत फिरू लागला.

रोज संध्याकाळी चहाला येऊन तो मला शिकवायचा. बॅनरवर अक्षरं असतात ती रिकामी जागा भरायला, वाचायची ती तोंडं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यात मोठं तोंड दिल्लीचं नाहीतर विधानसौधाचं, त्याखालचं गल्लीतल्या साहेबांचं, आणि तळाला टिकल्यांएवढी तोंडं असतात ती वर्गणी देणाऱ्यांची. कुणाचं काही बिनसलं की तो आधी बॅनरच्या कडेला सरकतो. पेपरात नंतर येतं. एका माणसाचं तोंड मागच्या सणाला साहेबांच्या खांद्याशी होतं, ते या सणाला खिळ्याच्या भोकापाशी आलं. अण्णा म्हणाला, संपला हा. आणि खरंच संपला की!

हात जोडलेले असले तर माणसाला मत हवंय. एकच हात वर केलेला असला तर मिळालंय. फोन कानाला लावलेला असला तर कुणाचं तरी काम होतंय. ‘कुणाचं?’ मी विचारलं. ‘ते नाही दाखवत,’ अण्णा म्हणाला. देवी असते, पण कोपऱ्यात, आणि साहेबांच्या नाकाएवढी. आणि खालून नाहीतर वरून लाल-पिवळा पट्टा हवाच हवा. हळद-कुंकवाचे रंग, कन्नड झेंड्याचे. बंगळुरात तो पट्टा नसलेलं पोस्टर म्हणजे कुंकू न लावता लग्नाला जाणं.

पुण्याच्या मुलाला हे कुठून ठाऊक असणार? त्याचं पहिलं पोस्टर आलं ते नुसतं भगवं, मराठी अक्षरांचं, मधोमध रॉकेट. रॉकेट हे त्याचं चिन्ह. अण्णाने स्वतः त्याला फोन केला. म्हणाला, ‘बाबा रे, वर एक ओळ कानडीत घाल आणि खाली पट्टा ओढ. उद्या कुणी कन्नड अभिमानी काळं फासायला आला तर मंडळाच्या भिंतीला फासेल, तुझ्या लॅपटॉपला नाही.’ मुलाने ऐकलं. मी अण्णाला म्हटलं, शत्रूला शिकवतोस होय रे? तर म्हणतो, भिंत आपली आहे.

अण्णाचं चिन्ह आम्ही केळीचं पान ठरवलं. मीच सुचवलं. स्वयंपाकघरासाठी लढायचं तर दुसरं काय? मी हॉलमध्ये एक पान मांडून, त्यापुढे बसून फोटो काढून दिला आणि म्हटलं, त्यावर चार पदार्थ तरी वाढू दे, रिकाम्या पानाला कोण मत देईल? अण्णा म्हणाला, छोट्या चित्रात भाजी डागासारखी दिसते. बरं, म्हटलं, रिकामं तर रिकामं. तो फोटो घेऊन तो इथल्याच शिवाजीनगरला त्याच्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेला. मी डब्यांच्या गडबडीत होते, गेले नाही.

गुरुवारी पोस्टरं लागली. हॉलच्या फाटकावर अण्णा, कानाला फोन लावलेला, दुसरा हात आशीर्वादासारखा वर. त्याला जोडलेले हातही हवे होते, पण मग तीन हात लागले असते. फोन बंद होता हे मला माहीत, कारण फोटोच्या वेळी तो चार्जिंगवरून नुकताच काढला होता. आणि अण्णाच्या छातीपाशी हिरवंगार, रिकामं केळीचं पान, शेंडा उजवीकडे.

मी तिथेच थांबले. हातातली कोथिंबिरीची पिशवी खाली ठेवली.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणाऱ्याच्या पुढे पान मांडतात तेव्हा त्याचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो आणि रुंद बाजू उजव्या हाताला. आमच्या घरांतून उलटं पान एकदाच मांडतात, श्राद्धाला. ते पितरांचं. जिवंत माणसापुढे तसं पान चुकून आलं तर माणूस बसत नाही, आणि मांडणारीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

‘हे कुणी फिरवलं?’ मी अण्णाला विचारलं. अण्णा खूश होता. फ्लेक्सवाला फार हुशार आहे म्हणाला. शेंडा डावीकडे असला की पान मागे चाललंय असं दिसतं. सगळ्या पोस्टरांत गोष्टी उजवीकडे जातात. बाण उजवीकडे, घोडा उजवीकडे, साहेबांची नजर उजवीकडे. पुढे जायचं म्हणजे उजवीकडे जायचं. म्हणून त्याने फोटो आरशातल्यासारखा उलटा केला आणि अण्णा म्हणाला, ‘सरी, बरोबर आहे, असंच ठेव.’ मतपत्रिकेसाठीही तेच चित्र दिलं होतं. मतपत्रिका छापूनही झाल्या होत्या.

‘अण्णा, तू स्वतःचं श्राद्ध छापून आणलंस,’ मी म्हटलं.

‘अंधश्रद्धा,’ अण्णा म्हणाला.

निवडणूक अधिकारी म्हणून मंडळाने एका निवृत्त वकिलांना नेमलं होतं. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, चिन्ह मंजूर झालं, आता शेंडा हलवता येणार नाही. पुण्याचा मुलगा फाटकाशी भेटला. त्याने पोस्टर बघून मान डोलावली आणि म्हणाला, ‘काकू, एकदम क्लासी!’ त्याला त्यात काहीही खटकलं नव्हतं. त्याच्या सगळ्या एचएसआरला खटकणार नव्हतं. खटकणार होतं ते आमच्याच माणसांना, ज्यांच्या मतांवर अण्णा उभा होता. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

संध्याकाळपर्यंत मामी आल्याच. मामी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मामी; म्हाताऱ्या बायकांची मतं कुठे पडायची ते मामींच्या ओट्यावर ठरतं. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘अगो, तुझ्या अण्णावर माझा राग नाही. पण त्या पानावर शिक्का मारायचा म्हणजे त्याला पितरांत बसवायचं. माझा हात नाही धजणार. आम्ही घरीच राहतो, नाहीतर रॉकेटला देतो. रॉकेटात काही अशुभ तरी नाही.’ मी म्हटलं, मामी, ते नुसतं चित्र आहे हो. त्या म्हणाल्या, ‘तुझ्या दारावर उलटं स्वस्तिक काढलं तर तूही म्हणशील का, नुसतं चित्र आहे?’ मामी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच सगळी पातेली घासली. मला भीती वाटत होती. या वयात मी दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात कामाला जाणार होते का? आणि गेले असते तरी तिथे मी कुणाची काकू नसते, नुसती स्वयंपाकीण असते.

शुक्रवारी दुपारी अण्णा जेवायला हॉलमध्ये आला. पुन्हा तेच, अंधश्रद्धा, अडाणीपणा, अशाने समाज मागे राहतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बस, वाढते. आणि त्याच्यासमोर वाकून पान मांडलं, मुद्दाम पोस्टरावरच्यासारखं, शेंडा त्याच्या उजव्या हाताला.

अण्णा उभाच राहिला. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘फिरव ते,’ म्हणाला.

‘का बरं? पुढे चाललंय की.’

‘फिरव म्हणतो ना! भूक लागलीय मला.’

‘बस ना मग. अंधश्रद्धा!’

तो बसला नाही. चेहरा पडला होता त्याचा. मला जरा दयाच आली आणि थोडी मजाही वाटली. मी पुन्हा वाकले आणि पान सरळ केलं. आणि तशीच वाकलेली राहिले.

कारण मघाशी खटकलं होतं, आता खटकत नव्हतं. मी उलटं पान मांडलं तेव्हा माझ्या डोळ्यांना ते चुकीचं दिसलं होतं, शेंडा माझ्या डावीकडे. आता ते अण्णासाठी सरळ झालं होतं आणि मी त्याच्यासमोर होते, वाढणारीच्या जागी. माझ्याकडून शेंडा उजवीकडे दिसत होता. हुबेहूब पोस्टर! रोज, इतकी वर्षं, प्रत्येक पंगतीत मी पान असंच बघत आले होते. शेंडा उजवीकडेच.

‘काय झालं? कंबर धरली का?’ अण्णाने विचारलं.

‘जेव तू,’ मी म्हटलं, आणि त्याला भात वाढला.

शनिवारी म्हाताऱ्या बायका हॉलमध्ये जमल्या. मतदानाच्या दिवशी सगळ्या सभासदांना मंडळाकडून जेवण असतं, त्यासाठी आदल्या दिवशी पानं पुसून ठेवायची असतात. मतं रॉकेटला देणार असल्या तरी पानं पुसायला त्या आल्या. ते काम त्यांचंच. मी फाटकावरचं एक पोस्टर काढून आणलं आणि भिंतीला टेकवलं. मामींनी तोंड फिरवलं.

‘मामी, स्वल्प उठा,’ मी म्हटलं. ‘इथे माझी पाहुणी बसलीय असं समजा. तिच्यापुढे पान मांडा.’

‘तुझं काय डोकंबिकं फिरलंय?’ पण त्या उठल्या. वाकल्या, पान मांडलं, सवयीने हाताने नीट केलं.

‘आता तिथूनच बघा. शेंडा कुठे आहे?’

मामींनी पानाकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा पानाकडे. ‘अय्यो,’ त्या म्हणाल्या.

बाकीच्या उठल्या. एकेक जण वाकून बघून गेली. सत्तरीच्या, ऐंशीच्या बायका; लग्न होऊन आल्यापासून आधी सासऱ्यांची पंगत, मग दिरांची, मग मुलांची. जेवताना दिसतं ते पान त्यांना जितक्यांदा दिसलं असेल त्याच्या कितीतरी पट हे, वाढताना दिसणारं. आणि तरी त्यातल्या एकीलाही ते चित्र आपलं वाटलं नव्हतं. मलाही कुठे वाटलं होतं? आम्ही सगळ्यांनी त्या पोस्टराकडे जेवायला बसलेल्या माणसासारखं बघितलं होतं.

मामींनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे समोर कुणी तरी जेवायला बसलंय.’

‘बसलंय की,’ मी म्हटलं.

‘मग श्राद्धाचं कसलं आलंय!’ त्यांनी ते पान उचलून पुसलेल्या ढिगावर ठेवलं. ‘त्या फ्लेक्सवाल्याला काही हे ठाऊक नसणार हो.’

‘त्याला नाही आणि अण्णालाही नाही.’

त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की पुण्याचा मुलगा, जो बाहेर खुर्च्या मोजत होता, तो डोकावून गेला. ‘काही हवंय का काकू?’ मी म्हटलं, काही नको रे बाबा, तुझं रॉकेट सांभाळ.

रविवारी मतदान झालं. म्हाताऱ्या बायका नऊवारीत नाहीतर कांजीवरमात, एकमेकींचा हात धरून आल्या, आणि शिक्का मारून स्वयंपाकघरात डोकावून गेल्या. दुपारी मोजणी झाली आणि अण्णा निवडून आला. फार नाही, पण आला. मी फोडणी करत होते, ती जळू दिली नाही. स्वयंपाकघर राहिलं! मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही, पापड तळायचे होते.

पुण्याच्या मुलाने अण्णाशी हात मिळवला, मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काकू, माझा डबा चालू राहील ना?’ मी म्हटलं, राहील, पण बाहेरून मागवता येतं की. तो लाजला. चांगला आहे मुलगा.

अण्णाने भाषण केलं. म्हणाला, हा विजय दृष्टीचा आहे, आपल्या पानाचा शेंडा पुढे जाणारा होता म्हणून आपण पुढे गेलो, राजकारणात चिन्हाची दिशा महत्त्वाची असते. मामी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर आम्ही दोघी हसून फुटलो असतो.

सगळ्या पंगती उठल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे ओट्यापाशी उभ्याने खायला घेणार होते. मामी म्हणाल्या, ‘आज तू हॉलमध्ये बसायचंस.’ मी नको नको म्हणत होते, त्यांनी दंडाला धरून बसवलं. ‘आणि वाढणार अध्यक्ष,’ त्या म्हणाल्या. अण्णाला काही नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. त्याने धोतर सावरलं, पान घेतलं, माझ्यासमोर आला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाजूला उभा होता. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत कण्हत वाकला, पान मांडलं, जरा मागे होऊन बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

शेंडा माझ्या उजव्या हाताला होता.

मामी अर्धवट उठल्या. काल मीच सगळ्यांना समजावलं होतं आणि तरी, खोटं कशाला बोलू, माझा हात त्या पानाला लागेना. माझ्यापुढे पितरांचं पान होतं आणि ते माझ्या भावाने मांडलं होतं.

अण्णाने सगळीकडे बघितलं. ‘काय झालं? बरोबर तर आहे. मला बरोबर दिसतंय.’

मला त्याचा राग आला नाही. रडू येत होतं, ते का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘ते तुला बरोबर दिसायचं नसतं. मला दिसायचं असतं.’

त्याने धोतर सावरलं. मग पुन्हा वाकला, दोन्ही हातांनी पान उचललं, फिरवलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आता त्याच्या बाजूने ते उलटं दिसत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्याने हात लावला नाही.

‘वाढू?’ त्याने विचारलं.

‘वाढ,’ मी म्हटलं.